इंजिन बंद पडले, आता उतरायचे कुठे?

प्रश्न : माझी मुलगी वैमानिक प्रशिक्षण घेणार आहे. एकाच इंजिनाच्या छोट्या विमानाचे इंजिन हवेत बंद पडले, तर ते दगडासारखे कोसळते का? ते लगेच वळवून धावपट्टीवर का आणत नाहीत?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, पण विमान दगडासारखे कोसळत नाही. त्याला हवेत तोलून धरतात ते पंख, आणि पंखांना हवा असतो वेग. इंजिन थांबल्यावर तो वेग उंची खर्च करून मिळवावा लागतो, म्हणून वैमानिक सर्वांत आधी विमानाचे नाक खाली करतो. वारा नसेल, तर सेस्ना १७२ हे विमान हजार फुटांवरून सुमारे पावणेतीन किलोमीटर तरंगत जाऊ शकते.

घात होतो तो उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडल्यास, कारण तेव्हा खर्चायला उंचीच नसते. मागे वळताना विमान कलते, उंची भराभर घटते, आणि धास्तीने नाक वर ओढले, तर पंखांची पकड सुटून विमान गिरकी घेत खाली येते.

अभिनेते हॅरिसन फोर्ड ५ मार्च २०१५ रोजी सँटा मोनिका विमानतळावरून दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील रायन पीटी-२२ विमान घेऊन निघाले आणि थोड्याच वेळात इंजिनाची ताकद गेली. ते विमानतळाकडे वळले खरे, पण धावपट्टी गाठता येणार नाही हे ओळखून त्यांनी जवळचे गोल्फ मैदान निवडले. उतरताना विमान एका उंच झाडाच्या शेंड्याला धडकून खाली आले. ते गंभीर जखमी झाले, पण वाचले. मला या निर्णयाचे मोल फार वाटते.

चौकशीत कारण सापडले ते कार्बुरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला पुरवणाऱ्या भागात. जुन्या स्कूटरचा कार्बुरेटर ज्यांनी उघडला असेल, त्यांना पेट्रोल मोजून सोडणारा तो इवलासा जेट आठवेल. या विमानातला मुख्य जेट आटे सुटून जागेवरून निघाला होता, त्यामुळे हवेच्या मानाने पेट्रोल अतोनात जाऊ लागले आणि इंजिनाने मान टाकली. खांद्यावरचा पट्टाही आसनाच्या पाठीला पुरेशा मजबुतीने जोडलेला नव्हता आणि धक्क्यासरशी तो उपटला गेला, ज्यामुळे इजा वाढली. आपल्या मुलीने विमानात बसण्यापूर्वी हा पट्टा स्वतःच्या हाताने ओढून पाहावा आणि तो कशाला जोडला आहे, हे प्रशिक्षकांना निःसंकोच विचारावे.