सुई हातात कधी येणार, असं विचारलंस

प्रिय बाळ,

क्लिनिकमध्ये नर्स म्हणून रुजू झालीस आणि परवा फोनवर विचारलंस, "अक्का, माझ्या हातात सुई कधी येणार?" समोर पेशंट होते, म्हणून "लिहून पाठवते" एवढंच म्हणाले.

आधी सरळ उत्तर. चेहऱ्यावरचं बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करून सुरकुत्या कमी करणारं औषध, आणि फिलर, म्हणजे ओठ-गाल भरायचं जेल, टोचणं हे आपल्याकडे डॉक्टरांचं काम आहे. परदेशातल्या नर्सचे जे व्हिडिओ तू बघतेस, ते तिथल्या कायद्यात आणि तिथल्या वेगळ्या प्रशिक्षणात बसतं. इथे कुणी "तूच दे ग, मी बाहेरच आहे" म्हणालं तर हात मागे घे. नवी नोकरी आहे, जड जाईल, तरी घे. तुझ्या वाट्याला जे येतं ते थोडं नाही. औषध कालवणं, भरणं, पेशंटला विचारणं, टोचताना चेहऱ्यावर नजर ठेवणं, नंतर घरी पाठवणं, हे सगळं तुझं. यात चूक झाली तर डॉक्टरांचा हात कितीही बसलेला असो, उपयोग नाही.

सिरिंजपासून सुरू कर. तुमच्या ड्रॉवरमध्ये इन्सुलिनच्या दोन्ही सिरिंज असतील, लाल टोपणाची ४० ची आणि केशरी टोपणाची १०० ची, म्हणजे एका मिलीला इन्सुलिनची तेवढी युनिटं. डॉक्टरांनी बोटॉक्सच्या १०० युनिटच्या व्हायलमध्ये, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीत, अडीच मिली सलाईन घालायला सांगितलं, की एका मिलीत ४० युनिट होतात. मग लाल टोपणाच्या सिरिंजवरची एक रेघ म्हणजे बरोबर एक युनिट. केशरीवर मात्र दहाच्या आकड्यापर्यंत भरलं की चार युनिट. "चार" ऐकून केशरी सिरिंज चारच्या खुणेपर्यंत भरलीस तर जेमतेम दीड युनिट जाईल. उलट, केशरीची सवय लागलेल्या हाताने लाल सिरिंज दहापर्यंत भरलीस तर चाराच्या जागी दहा. भुवईजवळ असं झालं तर पापणी काही आठवडे खाली येऊ शकते. त्यात एका कंपनीचं युनिट दुसऱ्या कंपनीला लागू पडत नाही. म्हणून ट्रेवर चिकटपट्टी लाव. कंपनी कोणती, सलाईन किती, कालवलं किती वाजता, सिरिंज कोणती, हे लिही आणि टोचण्याआधी मोठ्याने वाच. मी अजून वाचते.

व्हायल कालवताना आणखी एक बघ. आत निर्वात असतं, त्यामुळे सुई टोचली की सलाईन आपोआप ओढलं जातं. ओढलं गेलं नाही तर ती व्हायल वापरायची नाही, डॉक्टरांना दाखवून बाजूला काढायची. हलवताना फेस येऊ द्यायचा नाही, नुसती फिरवायची. फ्रीज २ ते ८ अंशांत हवा. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट जाते, तेव्हा आत थर्मामीटर ठेव, आणि सकाळी आल्या आल्या पहिलं काम म्हणून वहीत आकडा लिही.

आता जे सांगते ते नीट वाच. या कामात येऊन मला वर्षही झालं नव्हतं. एका बाईंच्या ओठात फिलर चाललं होतं. वरच्या ओठापासून नाकपुडीच्या कडेपर्यंत कातडी पांढरी पडलेली मला दिसली. मला वाटलं, बर्फ लावलाय त्याने असेल. डॉक्टर मोठे, मी नवी. दीड-दोन मिनिटं मी गप्प राहिले. मग बोट दाबून सोडलं. दोन सेकंदांत परत लाल व्हायला हवं, ते होईना. तेव्हा कुठे तोंडातून निघालं, "सर, थांबा." फिलरने रक्तवाहिनी अडली होती. फिलर विरघळवणारं औषध, हायल्युरोनिडेज, फ्रीजमध्ये होतं, पण ड्रेसिंगच्या सामानामागे. ते मीच तिथे ठेवलं होतं आणि शोधण्यात आणखी वेळ गेला. संध्याकाळपर्यंत रंग परतला, बाई बऱ्या झाल्या. ती दोन मिनिटं मात्र मला अजून आठवतात.

म्हणून हायल्युरोनिडेज पुढच्या कप्प्यात, वेगळ्या डब्यात ठेव आणि एक्स्पायरी दर महिन्याला बघ. पांढरेपणा, जाळीसारखी निळसर नक्षी किंवा न थांबणारं दुखणं दिसलं की कुणाचीही भीड न बाळगता थांबवायला सांग. पेशंटला अंधूक दिसायला लागलं तर मिनिटंच हातात असतात. डोळ्यांच्या कोणत्या हॉस्पिटलला फोन करायचा, ते आजच डॉक्टरांना विचारून भिंतीवर लाव.

आपल्या बेळगावात यात भाषेचीही भर पडते. टिळकवाडीतली बाई मराठीत "आग होतीय" म्हणेल, हुक्केरीची तेच कन्नडमध्ये "उरितैत्री" म्हणेल, आणखी कुणी उर्दूत सांगेल. इंग्रजी फॉर्मवर सही घेऊन संमती मिळत नाही. तिच्या भाषेत सांग, मग तिलाच परत सांगायला लाव. गरोदर आहे का, अंगावर पाजते का, स्नायूंचा आजार, रक्त पातळ करायची गोळी, हे सासूसमोर विचारू नकोस. सासू बाहेर गेल्यावर उत्तर बदलतं, हे मी अनेकदा पाहिलंय. गोळी चालू असेल तर स्वतः बंद करायला सांगू नकोस, डॉक्टरांच्या कानावर घाल.

लग्नसराईत मुली हळदीच्या चार दिवस आधी येतात. बोटॉक्सचा पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात आणि टोचल्यावर चेहरा चोळायचा नसतो, हळदीत तर तेच होतं. महिनाभर आधी या, असं निःसंकोच सांग. क्लिनिकचा एक पेशंट गेला तरी चालेल. खानापूर, निपाणीकडच्यांना लगेच बसस्टँडवर सोडू नकोस. अर्धा तास बसव, चेहरा पुन्हा बघ आणि रात्री कुणाला फोन करायचा तो नंबर कागदावर लिहून दे.

रविवारी दुपारी घरी ये. दोन्ही टोपणांच्या सिरिंज, साधं सलाईन आणि एक रिकामी व्हायल काढून ठेवली आहे. मी आकडे सांगेन, तू भर.

तुझी,
अक्का