शेतसंरक्षणाच्या रायफलीची काडतुसं घरी भरता येतील का?
गुहागरकडची तुमची भातशेती रानडुकरं नासतात, म्हणून परदेशी शिकाऱ्यांसारखी काडतुसं घरीच भरावीत का (म्हणजे वापरलेल्या रिकाम्या काडतुसात नवी दारू आणि गोळी बसवावी का), असं विचारलंत. नको. शस्त्र अधिनियम 1959च्या कलम 5 नुसार काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याच्या परवान्यात तो येत नाही. अमेरिकेत लोक हे करतात ते बरेचदा नेमासाठी: बंदुकीची दारू थोडीथोडी वाढवत, दाब जास्त झाल्याच्या काडतुसावरच्या खुणा बघत, आपल्या रायफलीला मानवणारं माप शोधायचं. पन्नास पावलांवरच्या डुकराला एवढं कशाला? आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीत अंदाजाने दारू भरायची जुनी खोड आहेच; रायफलीत तेच केलं तर नळी फुटू शकते. शिवाय डुक्कर मारायला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972च्या कलम 11 खाली परवानगी हवी. आधी वनखात्याकडे भरपाईचा अर्ज टाका, पंचनामा लगेच करून घ्या.