आइसलँडचं पाणी, तिथली लोकर आणि तुझे प्रश्न

तू मला ताई म्हणालीस, म्हणून एकेरीतच लिहिते. नवऱ्याला आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये नोकरी लागली, लेक नऊ वर्षांची, तुझे सांधे धरतात. तिथल्या पाण्याने आणि लोकरीने तब्येत खरंच सुधारते का, गरम कपडे इकडूनच न्यावेत का आणि एकटं वाटतं का, हे तू विचारलंस. व्हिसाचे नियम सरकारी संकेतस्थळावर नीट दिलेत, ते मी सांगत बसत नाही.

आधी पाणी. गार नळाला येतं ते लाव्हाच्या खडकातून झिरपलेलं झऱ्याचं पाणी. रेक्याविकला ते 1909 पासून नळाने येतं, क्लोरीन घालावं लागत नाही. फिल्टर नेऊ नकोस. गरम नळाचं पाणी वेगळं, त्याला गंधकाचा वास येतो. चहाला ते घेऊ नकोस आणि चांदी काढून ठेव. माझी जोडवी बघता बघता काळी पडली, लिंबू-मीठ लावून घासली की उजळायची, दोन आंघोळींत पुन्हा तशीच.

ब्लू लगून या तिथल्या प्रसिद्ध गरम तळ्याचे निळे फोटो बघून आशा धरली असशील, तर ते गोडं पाणी नाही. 1976 मध्ये वीजकेंद्राच्या सांडपाण्यातून ते तळं साठलं, त्यात समुद्राचं पाणी जास्त. सोरायसिसवाल्यांना तिथे आराम पडतो हे खरं, पण तिकीट महाग आहे. तुझ्या सांध्यांसाठी वस्तीतला सार्वजनिक पोहण्याचा तलाव बघ. शेजारी गरम कुंडं असतात, साधारण 38 ते 42 अंशांची. आत जाण्याआधी सगळे कपडे काढून साबणाने आंघोळ सक्तीची. लाज वाटते, मग जाते. बर्फ पडत असताना गळ्यापर्यंत त्या पाण्यात बसलं की माझे गुडघे सैल होतात आणि संध्याकाळचे जिने सोपे जातात. दुखणं बरं होत नाही, औषध सोडू नकोस. पण त्या कुंडात शेजारीपाजारी गप्पा मारतात आणि माझी भाषा सुधारली ती तिथेच.

लोकर इकडून नेऊच नकोस. तिथल्या मेंढीच्या अंगावर दोन थर असतात, बाहेरचा लांब, राठ, पाणी निथळवणारा आणि आतला मऊ, ऊब धरणारा. या लोकरीच्या धाग्याला लोपी म्हणतात, त्यात दोन्ही थर असतात, म्हणून त्याचा स्वेटर भिजला तरी ऊब देतो आणि म्हणूनच टोचतो. घोंगडी अंगावर घेतली असशील तर कळेल. आत मेरिनो या मऊ लोकरीचा पातळ सदरा घाल, सुती नको, सुती ओला झाला की गारठवतो. दुकानातले काही स्वेटर परदेशात विणलेले असतात. ‘इस्लेन्स्क लोपापेसा’, म्हणजे आइसलँडचा लोपी स्वेटर, या नावाला 2020 पासून संरक्षण आहे, ते तिथल्याच लोकरीच्या, तिथेच हाताने विणलेल्या स्वेटरलाच लावता येतं. रेडक्रॉसच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात चांगला स्वेटर निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. धुवायची घाई करू नकोस, वाऱ्यावर टाक. धुतलास तर कोमट पाण्यात हलक्या हाताने, आणि टॉवेलवर आडवा पसरून वाळव.

आता लेकीचं. तिला निघण्याआधी पोहायला शिकव, हे सगळ्यात महत्त्वाचं. तिथे शाळेत पोहणं सक्तीचं आहे आणि मुलं पहिलीपासून शिकतात. माझी लेक तुझ्या लेकीएवढीच होती. तिला सहा वर्षांच्या मुलांबरोबर उथळ पाण्यात उभं केलं, तिच्या वर्गातल्या मुली पलीकडे खोल पाण्यात. सूचना सगळ्या आइसलँडिकमध्ये. घरी येऊन ती म्हणाली, ‘आई, माझं पोट दुखतंय असं लिहून दे ना.’ मी शाळेत जाऊन विनवलं, आठवड्यातून एकदा तरी तिला तिच्या वयाच्या मुलींत ठेवा. पातळीप्रमाणेच गट असतात, एवढंच उत्तर मिळालं. आज ती माझ्यापेक्षा छान पोहते आणि तिला त्याचं काही वाटत नाही. मला अजून राग येतो.

एकटेपणाचं म्हणशील तर, डिसेंबरात दिवस जेमतेम चार-पाच तासांचा असतो, पण कामाला लागलं की निभतं.

आईचं मात्र निभलं नाही. आईवडिलांना कायम जवळ ठेवायचं तर त्यांचं वय 67 झालेलं लागतं. आम्ही तेवढी वर्षं थांबलो. मग कागदात अडकलो. माझ्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव, तिच्या पासपोर्टवर सासरचं. तिथे बायका जन्माचं नाव मरेपर्यंत लावतात, त्यामुळे या दोन बायका एकच आहेत हे टेबलापलीकडच्या माणसाला पटेना. पत्रांमागून पत्रं गेली. तेवढ्यात आई म्हणाली, ‘आता नको गं, इथेच बरी आहे.’ तिचे गुडघे माझ्याहून वाईट. कराडला ती रबरी पिशवीत गरम पाणी भरून शेकत बसते. मी त्या कुंडात उतरते तेव्हा दर वेळी हा हिशेब माझ्या डोक्यात असतो आणि तो मला सोडवता आलेला नाही. तू आईबद्दल विचारलं नव्हतंस, तरी लिहिते.

म्हणून निघण्याआधी दोन्हीकडच्या आयांचे विवाहदाखले शोध. नसतील तर नावबदल राजपत्रात छापून घे, इंग्रजी भाषांतर आणि अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का) करून तुझ्याजवळ ठेव. आज गरज नाही असं वाटेल, तरी कर. लेकीचा पोहण्याचा वर्ग याच महिन्यात लाव.