नवा डिंपल सिलिंडर हाती आला की आधी काय बघावं

भाऊ, डिंपल सिलिंडर म्हणजे कुलपाचा चावी घालायचा गाभा, ज्याच्या चपट्या चावीवर दातांऐवजी खड्डे असतात. त्याच्या खोक्यावरच्या 'हाय सिक्युरिटी'वर जाऊ नकोस. आधी चावी उजेडात तिरपी धर. सगळे खड्डे जवळपास एकाच खोलीचे दिसले तर चावीने हलणाऱ्या आतल्या पिना कितीही असोत, कुलूप कच्चं. खोल-उथळ, खोल-उथळ अशी उलटापालट हवी. खड्डे नुसत्या सपाट बाजूंवर आहेत की कडेलाही, तेही बघ. कडेच्या खाचा कधीकधी साइडबारसाठी (पिनांशिवाय गाभा अडवणारी वेगळी पट्टी) असतात, आणि वेगळा साइडबार असला की चावीशिवाय उघडणं खरंच अवघड होतं. चावीत हलणारा बारीक मणी असेल तर उत्तमच, कारण साध्या मशीनवर तशी डुप्लिकेट निघत नाही.

युरोपातलं ईएन १३०३ मानक बघ. त्यात चावीच्या सुरक्षेच्या ६व्या श्रेणीला किमान १,००,००० वेगळ्या चाव्या लागतात. पण हा आकडा पिकिंगबद्दल, म्हणजे चावीशिवाय हत्याराने कुलूप उघडण्याबद्दल, फारसं सांगत नाही, म्हणून सिलिंडर उघडूनच बघ. वरच्या पिना स्पूल, म्हणजे मधे बारीक असलेल्या, आहेत का, ड्रिल अडवायला कडक पोलादाची पिन आहे का?

आणि बसवणं! युरो सिलिंडर (दाराच्या आरपार बसणारा) मधोमध, स्क्रूच्या भोकापाशी सगळ्यात नाजूक. तो दाराच्या प्लेटीबाहेर ३ मिमीपेक्षा जास्त आला तर पकडीत धरून मोडता येतो. जळगाव-भुसावळकडे हे सर्रास दिसतं, महागडा सिलिंडर आणि बोटभर बाहेर. मला याचा फार राग येतो. दाराची जाडी मोजल्याशिवाय माप सांगू नकोस.

आपल्याकडच्या धुळीत तेल घालू नकोस, गाळ धरतो. ग्राफाइट पावडर वापर.