शिंगराची पहिली रात्र

पोरी,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला आणि मग बराच वेळ झोपच लागली नाही बघ. शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून पास झाल्यावर घोड्यांच्या क्लोनिंगमध्ये जायचं म्हणतेस, मला खरंच खूप आनंद झाला. अंड्यातलं केंद्रक कसं काढतात, पेशी कुठली घेतात, हे तुला तिथले लोक शिकवतीलच. मला बोलायचंय ते शिंगरू गवतावर पडल्यानंतरचं, कारण त्याबद्दल तू एक शब्दही विचारला नाहीस.

२००३ साली इटलीत प्रोमेतेया जन्मली, जगातली पहिली क्लोन घोडी. त्यासाठी ८४१ भ्रूण बनवले होते आणि हातात जिवंत शिंगरू आलं एकच. आता एवढ्या खटाटोपातून आलेला जीव पहिल्या आठवड्यात गेला तर काय वाटेल सांग. आणि जातात गं. अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात जन्मलेल्या १४ क्लोन शिंगरांपैकी ६च धडधाकट होती, बाकीच्यांत कुणी गुंगीत असल्यासारखं, आईला ओळखायचं नाही, कुणाची नाळ जाडजूड, कुणाचे पुढचे पाय वाकडे. दोन सात दिवसांच्या आत गेली. पण उरलेली सगळी उपचारांनी बरी झाली, हे लोक वाचतच नाहीत, मला तर सगळ्यात मोठी गोष्ट तीच वाटते. आपल्या कर्नालला २००९ मध्ये म्हशीचं पहिलं क्लोन रेडकू झालं, ते आठवडाभरसुद्धा जगलं नाही, न्यूमोनियानं गेलं.

आता माझं ऐक. वीसेक वर्षं झाली, पाचगणीत टेबललँडच्या खाली एका चाचांचा तबेला होता, ऐन पावसात घोडी पहाटे व्याली. मी सकाळी पोचलो तर शिंगरू उभं, कासेत तोंड खुपसतंय, मी म्हटलं पितंय, झकास, आणि पुढच्या व्हिजिटला निघालो. त्याच्या कपाळावर दूध सुकून केस चिकटले होते. ते मी बघितलं होतं गं, पण दूध पोटात जात असतं तर कपाळावर कशाला गळलं असतं, हे डोक्यातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी गुडघे सुजले, पाचव्या दिवशी गेलं. चाचा मला एका शब्दानं बोलले नाहीत.

घोडीच्या वारेतून, म्हणजे प्लासेंटातून, प्रतिकारशक्ती पोटातल्या पिल्लाला मिळतच नाही, सगळी मिळते ती चिकातून, आणि ती शोषून घ्यायचं आतड्याचं दार साधारण २४ तासांत बंद होतं. म्हणून तासाभरात उभं, दोन तासांत प्यालेलं, तीन तासांत वार पडलेली, हे घड्याळ लावून बघायचं. १८ ते २४ तासांच्या दरम्यान रक्त काढून आयजीजी, म्हणजे चिकातून आलेली प्रतिपिंडं, तपास, डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, द्यायची तयारी ठेव. क्लोनमध्ये तर जास्तच, कारण पेशीतल्या जनुकांची जुनी सेटिंग पूर्ण पुसली जात नाही आणि त्याचा फटका बहुतेक वारेलाच बसतो, मग नाळ जाड होते, तिथून जंतू आत शिरतात आणि सांधे धरतात. वार टाकून देऊ नकोस, पसरून बघ, वजन कर, ५० किलोच्या शिंगराला साडेपाच किलोच्या आसपास भरते. नाळेला क्लोरहेक्सिडिन दिवसातून तीन-चार वेळा, हातमोजे घालून. आणि ज्या घोडीच्या पोटी वाढवणार तिला महिनाभर आधी धनुर्वाताचा बूस्टर, म्हणजे चिकात उतरतो, हे लॅबवाल्यांना आठवण करून दे, त्यांचं लक्ष मायक्रोस्कोपमध्ये असतं.

अर्जाबिर्जाचं नंतर बघू. त्याच चाचांच्या मुलाची घोडी पुढच्या महिन्यात व्यायला आलीय, सडांवर मेण, म्हणजे सुकलेल्या चिकाचे थेंब, दिसलं की तो मला फोन करेल आणि मी तुला. रात्रीची एसटी मिळाली नाही तर वाईपर्यंत ये, मी गाडी घेऊन येतो. स्वेटर, टॉर्च आणि थर्मामीटर आण. शिंगरू गिळताना गळ्यात आवाज कसा येतो ते तुला कान लावून ऐकवायचंय.

तुझा,
डॉक्टरकाका