गोव्यातून ट्रॅक डेला (आपली गाडी बंद सर्किटवर पळवायच्या दिवसाला) स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० न्यायची आहे. आधी रिमॅप (इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) करू की एक्झॉस्ट बदलू?

दोन्ही राहू द्या. पहिला खर्च ब्रेक ऑइलचा करा.

तुम्ही पर्वरीत राहता, गाडी सहा-सात वर्षांची आणि सगळी स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी, असं लिहिलंय. म्हणजे इतके पावसाळे तिने गोव्याच्या दमट हवेत काढलेत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल ताजं असताना कमीत कमी २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा नियम आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. पणजी-मडगाव करताना हे कधी कळत नाही, ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या फेरीत कळतं.

हिशेब असा. चालकासकट दीड टनाची गाडी ताशी १६० वरून ८० वर आणली, तर सुमारे ११ लाख ज्यूल उष्णता तयार होते. त्यातला बहुतेक भार पुढच्या दोन चकत्या घेतात. चकती दहा किलोची धरली तर एका ब्रेकमागे तिचं तापमान ८० अंशांच्या आसपास चढतं, आणि ती निवायच्या आत पुढचं वळण येतं. रिमॅप केलात की सरळ पट्ट्यावर वेग वाढेल आणि हा आकडाही वाढेल. म्हणून तो नंतर.

तेव्हा ट्रॅक डेच्या आदल्या आठवड्यात रेसिंगचं ऑइल भरून घ्या. मोटुल आरबीएफ ६०० चा ताजा उत्कलनबिंदू ३१२ अंश आहे. एक लिटर आणा आणि सीलबंद बाटलीच वापरा. गॅरेजमधली अर्धी उघडी बाटली नको, ती ओलावा पिऊन बसलेली असते. डॉट ५ मात्र चुकूनही घालू नका. ते सिलिकॉनचं असतं, यात मिसळत नाही. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना चाकांचा क्रम गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा आणि ऑइलच्या डब्यातली पातळी खाली जाऊ देऊ नका, नाहीतर सगळं पुन्हा करावं लागेल. पुढचे पॅड ६ मिमीपेक्षा कमी उरले असतील तर नवे घाला. आपल्याकडे खाऱ्या हवेमुळे उभ्या गाडीच्या चकतीवर गंज चढतो. वरवरचा गंज दोन-चार ब्रेकांत जातो, पण कडेला खवले सुटत असतील तर चकतीही बदला.

ट्रॅकवर पेडल पोकळ लागून तळाला जाऊ लागलं, तर ऑइल उकळलंय. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून पकड सोडतायत. दोन्ही वेळी वेग उतरवून ट्रॅकवरून आत या. दुसरं निवल्यावर बरंचसं सुधारतं, पहिल्यात पुन्हा हवा काढल्याशिवाय ट्रॅकवर जायचं नाही.

टायर थंड असताना ३२ पीएसआय ठेवून निघा. बाहेरच्या कडेवर खडूची रेघ ओढा. ट्रॅकवरून आत आल्या आल्या, टायर निवायच्या आत, हवा पुन्हा मोजा. ४ ते ६ पीएसआय वाढलेली दिसेल. रेघ टायरच्या कुशीपर्यंत पुसली गेली असेल तर हवा कमी आहे, अजिबात पुसली नसेल तर जास्त. पुढची चाकं ओढणारी गाडी आहे, त्यामुळे वळणात जास्त वेगाने शिरलात की नाक बाहेर जातं. तेव्हा स्टिअरिंग आणखी पिळायचं नाही, ॲक्सिलरेटर थोडा सोडायचा, झटक्यात नाही. घड्याळाच्या दिशेने धावणाऱ्या ट्रॅकवर डावा पुढचा टायर सगळ्यात आधी संपेल.

एक फेरी गाडी तापवायला, चार-पाच फेऱ्या जोरात, शेवटची जवळजवळ ब्रेक न लावता. एवढ्यावर आत या. उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका, पी मध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. तापलेला पॅड चकतीवर एकाच जागी दाबून राहिला की तिथे पॅडचा थर बसतो आणि परतीच्या प्रवासात ब्रेक लावला की गाडी थरथरते. चकती वाकली म्हणून तक्रार येते, त्यातल्या बऱ्याच चकत्या वाकलेल्या नसतातच.

हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं आणि कपडे सुती असू द्या. टो हुक (गाडी ओढायचा हुक) डिकीत आहे का बघून एकदा घरीच लावून पाहा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या हुकाचे आटे बहुधा उलटे असतात.

गोव्यात कायमस्वरूपी सर्किट नाही. कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे सुमारे २.१ किलोमीटरचा, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक सुमारे ३.७ किलोमीटरचा. बंगळूरमार्गे दोन्ही नऊशेच्या आसपास पडतात. नवख्याने करी आधी बघावा, तिथे वेग कमी चढतो. चेन्नईला ऑक्टोबर ते डिसेंबर परतीचा मान्सून असतो, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारी धरा. हाच सराव पणजीच्या अटल सेतूवर किंवा झुआरी पुलावर करायचा मोह मात्र नको. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ लागतं, पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

विम्याचं कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर भिंतीला घासली तर खर्च खिशातून. तेवढी तयारी नसेल तर पहिल्या दिवशी ईएससी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) पूर्ण चालूच ठेवा.

परतताना टायरमध्ये हवा पुन्हा गाडीवरच्या हवेच्या दाबाच्या पट्टीप्रमाणे भरा, गाडी पूर्ण निवल्यावर चाकांचे बोल्ट टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटरला तपासा आणि पॅड डोळ्यांनी बघून घ्या. नऊशे किलोमीटरच्या शेवटी चोर्ल्याचा किंवा अनमोडचा घाट उतरायचाय, आणि तोही त्याच ब्रेकांवर.