वाचकांचे प्रश्न : खारी हवा आणि आजोबांची नाणी

प्रश्न : आजोबांच्या संग्रहातील काही शिवराया (तांब्याची जुनी नाणी), चांदीचे रुपये, भोकाचे पैसे आणि अ‍ॅल्युमिनियमची दोन-तीन पैशांची नाणी माझ्याकडे आली आहेत. मऊ प्लॅस्टिकच्या अल्बममधील काही नाण्यांवर हिरवट, चिकट थर आला आहे. घर समुद्राजवळ आहे आणि प्रत्येक नाण्याला स्वतंत्र कॅप्सूल (नाणे ठेवण्याची कडक पारदर्शक डबी) घेणे परवडणारे नाही. पावसाळ्यापूर्वी काय करावे? आमसुलाने घासली तर चालेल का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : सर्वप्रथम ती नाणी अल्बममधून बाहेर काढावीत, कारण हा चिकटा बहुधा खाऱ्या हवेचा नसून अल्बमचाच आहे. अशी मऊ पाने बहुतेक वेळा पीव्हीसीची असतात आणि नव्या रेनकोटाला येतो तसा उग्र वास त्यांना येतो. त्यांना मऊपणा देणारी रसायने कालांतराने पाझरतात, प्लॅस्टिक विघटित होताना आम्लही सुटते, आणि त्याची क्रिया तांब्यावर व चांदीत मिसळलेल्या तांब्यावर होते. १९४० ते १९४५ या काळातील रुपयांत चांदी निम्मीच असून तांबे ४० टक्के आहे, म्हणून ते आधी तपासावेत. चिकटा काढण्यासाठी नाणे काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवावे, चोळू नये. हे काम विस्तवापासून दूर, मोकळ्या हवेत करावे. नेलपॉलिश काढण्याचे द्रावण वापरू नये, कारण त्यात तेल व सुगंध मिसळलेले असतात.

आमसूल, चिंच किंवा भांडी उजळण्याची पावडर यांचा विचार मात्र पूर्णपणे सोडावा. आम्लाबरोबर केवळ मळ जात नाही, धातूचा वरचा थरही जातो. शिवराईवरील काळपट तपकिरी थर हा तिचे रक्षण करणारा असतो आणि जाणकार संग्राहक घासून लखलखीत केलेल्या शिवराईला कमीच किंमत देतो. पुसल्यावरही पुन्हा येणारी फिकट हिरवी भुकटी दिसली, तर ते नाणे तत्काळ वेगळे ठेवावे. खारी हवा किंवा घामातील क्लोराइड तांब्यात शिरले की दमटपणात ही कीड वाढत जाते.

आता खर्चाविषयी. माझ्या मते कोकणात पैसे कॅप्सूलवर न घालता हवाबंद डब्यावर घालावेत, कारण दमट हवा अडवली नाही तर महागडे कॅप्सूलही फारसे उपयोगी पडत नाही. पारदर्शक खिडकीची पुठ्ठ्याची पाकिटे स्वस्त मिळतात. त्यांतील चिकटणारी घ्यावीत, कारण स्टेपलच्या पिना आपल्याकडे एका पावसाळ्यात गंजतात. खिडकीचे माप नाण्याहून किंचित मोठे असावे. चांदीचा रुपया सुमारे ३० मिलिमीटरचा असतो. अ‍ॅल्युमिनियमची नाणी तांब्याच्या नाण्यांना टेकू देऊ नयेत, कारण ओलाव्यात दोन धातूंचा स्पर्श झाला की अ‍ॅल्युमिनियम झिजते. ही पाकिटे सिलिकॉनच्या कडेचे घट्ट झाकण असलेल्या, तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात उभी ठेवावीत आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात. रंग बदलणारे जेल घेतले तर ते ओलावले केव्हा, हे लगेच कळते. नारिंगी जेल हिरवे झाले की साधारण १२० अंशांवर ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येते. तांदूळ घालू नयेत; ते ओलावा फारसा शोषत नाहीत, उलट धूळ व किडे आणतात.

डबा भरण्यास जानेवारीतील कोरडी दुपार उत्तम, परंतु यंदा मृगापूर्वीचा एखादा कोरडा दिवसही चालेल. नाणी कडेने धरावीत आणि शक्य असल्यास सुती मोजे घालावेत. डबा बाहेरच्या भिंतीलगत किंवा जमिनीवर ठेवू नये. लाकडी फडताळही टाळावे, कारण लाकडातून आम्लाच्या वाफा सुटतात, आणि वाळवीचा धोका तर असतोच. रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद आणि डांबराच्या गोळ्या यांना डब्यात अजिबात स्थान नको. रबरातील गंधकाने चांदी काळी पडते. पावसाळ्यात जेलचा रंग बदलला नसेल तर कौतुकाने डबा उघडू नये. पाहुण्यांना दाखवण्यासाठी दोन्ही बाजूंची छायाचित्रे आधीच काढून ठेवावीत. त्यांत वजनाची नोंद केली, तर चोरी झाल्यास किंवा विमा घ्यावयाचा असल्यास तीच उपयोगी पडेल.